शेअरपॉइंटला पॅच मारला, पण चाव्या बदलल्या का?

पॅच मारला, रीस्टार्ट केला, तिकीट बंद. एरवी एवढ्यावर भागतं. जुलै २०२५मध्ये शेअरपॉइंटच्या, म्हणजे कार्यालयाच्या फाइली आणि आतल्या साइट ठेवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरच्या, सर्व्हरवर झालेल्या ‘टूलशेल’ हल्ल्यात भागलं नाही. हल्लेखोर आत शिरल्यावर आधी फाइलींकडे वळतच नव्हता. सर्व्हरच्या एएसपी डॉट नेट मशीन की, म्हणजे वेब पानांच्या मजकुरावर सही करायच्या गुप्त चाव्या, वाचायच्या आणि निघून जायचं, एवढंच त्याचं पहिलं काम होतं. त्या की एकदा हाती लागल्या की मूळ भोक बुजवलं तरी बाहेर बसून सर्व्हरला खरी वाटेल अशी विनंती बनवता येते. पॅच या कींना हातही लावत नाही. पॅच मारून जो निवांत झाला त्याचं काम अर्धंच झालं होतं, आणि ते अर्धंही नीट झालं होतं का, हा वेगळा प्रश्न.

आधी कक्षा सांगतो, कारण व्यवस्थापनाचा पहिला प्रश्न हाच येतो. मायक्रोसॉफ्ट ३६५मधलं शेअरपॉइंट ऑनलाइन यात सापडलं नव्हतं. धोका होता तो स्वतःच्या जागेत चालवलेल्या सर्व्हरना: शेअरपॉइंट २०१६, २०१९ आणि सबस्क्रिप्शन एडिशन. २०१० आणि २०१३ अजून चालवणारी कार्यालयं आहेत. त्यांच्यासाठी पॅच आलाच नाही आणि येणारही नाही. ते सर्व्हर इंटरनेटवरून काढणे हा एकच उपाय.

घटनाक्रम थोडक्यात असा. मे २०२५मध्ये बर्लिनच्या पॉनटूओन स्पर्धेत व्हिएतनामच्या व्हिएटेल सायबर सिक्युरिटीतल्या संशोधकाने लॉगिन न करता शेअरपॉइंटवर कोड चालवून दाखवला आणि एक लाख डॉलरचं बक्षीस घेतलं. त्यातल्या दोन त्रुटी, सीव्हीई-२०२५-४९७०६ आणि सीव्हीई-२०२५-४९७०४ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीचा नोंदणी क्रमांक), मायक्रोसॉफ्टने ८ जुलैच्या मासिक पॅचमध्ये दुरुस्त केल्या. ती दुरुस्ती अपुरी होती. १८ जुलैला, शुक्रवारी संध्याकाळी, नेदरलँड्समधल्या आय सिक्युरिटी या कंपनीला एका ग्राहकाच्या सर्व्हरवर वेब शेल, म्हणजे हल्लेखोराने ठेवलेलं चोर-पान, सापडला. लॉगिनचा मागमूस नव्हता. दुरुस्तीला वळसा घालणाऱ्या या नव्या त्रुटींना सीव्हीई-२०२५-५३७७० आणि ५३७७१ हे क्रमांक मिळाले. पहिलीची तीव्रता १०पैकी ९.८. सबस्क्रिप्शन एडिशन आणि २०१९चे पॅच २० जुलैला आले, २०१६चा २१ला. म्हणजे २०१६वाल्यांना अख्खा शनिवार-रविवार पॅचविना काढावा लागला. अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा यंत्रणेने २० जुलैला ही त्रुटी हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या आपल्या यादीत घातली आणि सरकारी खात्यांना एका दिवसाची मुदत दिली. यावरून घाई किती होती ते समजा. बाधित सर्व्हरचा आकडा पुढच्या काही दिवसांत चारशेच्या वर गेला.

पुण्यात बसून परदेशी क्लायंटचे फार्म (एकत्र चालणाऱ्या शेअरपॉइंट सर्व्हरांचे संच) सांभाळणाऱ्या टीमना ही वेळ फार वाईट होती. १८ जुलैची मोठी लाट यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे संध्याकाळी सहाच्या सुमारास आली, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी रात्री साडेअकरा. दुसरी लाट शनिवारी दुपारी एकच्या आसपास.

भोक नेमकं कुठे होतं

हे समजून घेतल्याशिवाय लॉगमध्ये काय शोधायचं ते कळत नाही, म्हणून थोडं खोलात जातो.

शेअरपॉइंटच्या पानावर वेब पार्ट, म्हणजे पानावरचा एखादा तयार चौकोन, बदलताना बाजूला संपादनाची जी पट्टी उघडते, तिच्यामागे टूलपेन.एएसपीएक्स हे पान असतं. ते लेआउट्स फोल्डरात राहतं, म्हणून प्रत्येक साइटवर ‘_लेआउट्स/१५’ या पत्त्याखाली सापडतं. लॉगिनशिवाय ते उघडायला नको. साइनआउट.एएसपीएक्स मात्र कुणालाही दिसायला हवं, कारण बाहेर पडलेल्या माणसाकडे पुन्हा लॉगिन मागून चालत नाही. म्हणून कोडमध्ये साइनआउटला सूट ठेवलेली. गोची अशी की ही सूट द्यायची का ते ठरवताना विनंती कोणत्या पानावरून आली ते सांगणारा रेफरर हेडरसुद्धा बघितला जात होता. रेफरर पाठवणाऱ्याच्या मर्जीवर असतो, त्यात वाटेल ते लिहिता येतं. विनंती टूलपेनला पाठवायची, रेफररमध्ये साइनआउट लिहायचं, की तपासणी टळली.

पुढचा टप्पा पोस्ट विनंतीच्या, म्हणजे सर्व्हरला डेटा पाठवणाऱ्या विनंतीच्या, पोटात. तिथे वेब पार्टचं मार्कअप पाठवता येतं. हल्लेखोर त्यात एक्सेलडेटासेट नावाचं कंट्रोल घालत होता. या कंट्रोलची कॉम्प्रेस्डडेटाटेबल नावाची एक प्रॉपर्टी आहे. तिच्यात दाबून बसवलेला डेटा सर्व्हर उघडतो आणि त्यातून ऑब्जेक्ट उभे करतो. कुणाचा डेटा आहे हे न विचारता ऑब्जेक्ट उभे केले की त्यातून कोड चालवता येतो. हा रोग जुना आहे. २०२०मधली सीव्हीई-२०२०-११४७ याच कुळातली होती.

८ जुलैच्या दुरुस्तीने टूलपेनच्या पत्त्यासाठी तपासणी घातली. हल्लेखोरांनी पत्त्याच्या शेवटी एक तिरकी रेघ जादा टाकली आणि तपासणीला तो पत्ता वेगळाच वाटला. दुसरा भाग याहून बोचणारा आहे. एक्सेलडेटासेटला असुरक्षित ठरवण्याचं काम अपग्रेडच्या पायरीवर सोपवलं होतं. म्हणजे पॅचची फाइल चालवली पण कॉन्फिगरेशन विझार्ड चालवला नाही, तर ती दुरुस्ती लागूच होत नव्हती. ‘विझार्ड नंतर बघू, त्याला डाउनटाइम लागतो’ हे वाक्य शेअरपॉइंटच्या जगात रोज ऐकू येतं.

आत शिरल्यावर आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरची डब्ल्यू३डब्ल्यूपी ही प्रोसेस सीएमडी उघडायची, सीएमडी एन्कोड केलेली पॉवरशेल आज्ञा चालवायची आणि लेआउट्स फोल्डरात स्पिनस्टॉल०.एएसपीएक्स ही छोटीशी फाइल लिहिली जायची. या फाइलीत आज्ञा चालवायची सोय नव्हती. ती उघडली की व्हॅलिडेशन की, डिक्रिप्शन की आणि त्यांचे अल्गोरिदम एका ओळीत छापून मिळायचे, बस.

त्या कींचं मोल व्ह्यूस्टेटमुळे. एएसपी डॉट नेटचं पान आपली अवस्था एका लपवलेल्या फील्डमध्ये ब्राउझरकडे पाठवतं आणि परत आल्यावर व्हॅलिडेशन कीने केलेली सही तपासतं. सही जुळली की सर्व्हर तो मजकूर आपलाच मानतो आणि त्यातून ऑब्जेक्ट उभे करतो. की चोराकडे असली की त्याने घरी बनवलेला व्ह्यूस्टेटही खराच ठरतो. त्याला मग टूलपेन लागत नाही, रेफररचा खेळ लागत नाही. घराची कडी दुरुस्त केली, पण डुप्लिकेट किल्ली त्याच्या खिशात राहिली, अशी ती अवस्था.

पहिला तास: आधी तार, मग पॅच

सर्व्हर इंटरनेटवरून दिसत असेल तर पहिलं काम तो दिसू न देणं. फायरवॉलवर बाहेरून येणारं ४४३ बंद करा, किंवा व्हीपीएनच्या मागे घ्या. सर्व्हरकडून बाहेर जाणारी वाहतूकही बंद करा. ही गोष्ट हमखास राहते. व्हर्च्युअल मशीन बंद करू नका आणि घाईत आयआयएसरीसेटही करू नका. काही हल्ल्यांत डिस्कवर फाइल लिहिलीच गेली नव्हती. डॉट नेटचं मॉड्यूल थेट मेमरीत चढवून की काढल्या जात होत्या. रीसेट केला की तो पुरावा पुसला जातो. मशीन चालू ठेवून मेमरीसह स्नॅपशॉट घ्या, तो वेगळ्या जागी हलवा आणि मग पुढे जा. मात्र हा स्नॅपशॉट पुराव्यासाठी आहे. फार्ममधला एकच सर्व्हर जुन्या स्नॅपशॉटवर परत नेला तर तो कॉन्फिगरेशन डेटाबेसशी जुळत नाही आणि नवीनच दुखणं मागे लागतं.

‘आमचा सर्व्हर फक्त आतल्या नेटवर्कवर आहे’ असं म्हणणाऱ्यांनी रविवारची झोप घ्यावी, पण सोमवारी पॅच मारावा. या त्रुटीला लॉगिन लागत नाही. आतलं एखादं लॅपटॉप फिशिंगने गेलेलं असलं तरी तेवढं पुरतं.

सर्व्हर इंटरनेटवरून काढायला परवानगीच मिळत नसेल तर लोड बॅलन्सरवर (विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्या यंत्रणेवर) किंवा वेब फायरवॉलवर टूलपेन.एएसपीएक्सच्या पत्त्यावर येणाऱ्या सगळ्या विनंत्या अडवा. लहान-मोठी अक्षरं न बघता अडवा आणि पत्त्याच्या शेवटी काहीही असलं तरी अडवा. रेफरर बघून नियम लिहिण्याच्या भानगडीत पडू नका, त्याला वळसा घालणं सोपं आहे. याची किंमत म्हणजे काही काळ लोकांना वेब पार्ट बदलता येणार नाहीत. ती ओरड परवडते. आणि एवढं लक्षात ठेवा, मशीन की आधीच चोरीला गेल्या असतील तर हा नियम काहीच अडवत नाही.

अ‍ॅम्सी, म्हणजे विंडोजचा अँटीमालवेअर इंटरफेस, चालू आहे का ते फार्मच्या व्यवस्थापनाच्या साइटवर, सेंट्रल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये प्रत्येक वेब अ‍ॅप्लिकेशनसाठी वेगळं बघा. २०१६ आणि २०१९मध्ये सप्टेंबर २०२३च्या अपडेटपासून आणि सबस्क्रिप्शन एडिशनमध्ये २३एच२पासून तो मुळातच चालू असतो. पण कुणीतरी ‘पेज स्लो होतंय’ म्हणून कधीतरी बंद केलेला असतो. विनंतीचा पूर्ण मजकूर तपासणारा फुल मोड उपलब्ध असेल तर तोच निवडा, कारण या हल्ल्याचं विष पोस्टच्या पोटात आहे. आणि अ‍ॅम्सीमागे डिफेंडर किंवा दुसरं सुसंगत इंजिन जिवंत हवं. नाहीतर अ‍ॅम्सी चालू दिसतो, तपासत मात्र कुणीच नसतं.

लॉग चाळताना

आयआयएसचे लॉग इनेटपबमधल्या लॉग्ज फोल्डरात असतात. प्रत्येक वेब अ‍ॅप्लिकेशनचा फोल्डर वेगळा आणि प्रत्येक फ्रंट एंड सर्व्हरवर वेगळा. चार सर्व्हर असतील तर चारही बघावे लागतात. हल्ल्याची विनंती लोड बॅलन्सरने कुठे पाठवली ते सांगता येत नाही. वेळ यूटीसीत असते, साडेपाच तास मिळवल्याशिवाय बैठकीत तारीख सांगू नका. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली वेळ स्थानिक दिसते, आणि या दोन्हींची गल्लत करून चुकीचा घटनाक्रम मांडलेले अहवाल कमी नाहीत.

शोधायचं ते असं. पोस्ट विनंती, पत्ता टूलपेन.एएसपीएक्स, क्वेरीत डिस्प्लेमोड=एडिट, रेफररमध्ये साइनआउट.एएसपीएक्स, आणि वापरकर्त्याच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. खरा माणूस वेब पार्ट बदलतो तेव्हा तिथे त्याचं नाव असतं आणि रेफरर ज्या पानावर तो काम करत होता त्या पानाचा असतो. त्यानंतर थोड्या वेळात स्पिनस्टॉल०.एएसपीएक्ससाठी गेट विनंती आणि २०० उत्तर दिसलं, तर शंकेला जागा उरली नाही. की गेल्या. पहिल्या लाटांमध्ये यूझर एजंट फायरफॉक्स १२०चा होता आणि १०७.१९१.५८.७६, १०४.२३८.१५९.१४९, ९६.९.१२५.१४७ हे आयपी पत्ते दिसले. पण आयपीवर विसंबू नका. तपशील जाहीर झाल्यावर हल्ले कुठूनही येऊ लागले. शिवाय तुमच्या पुढे लोड बॅलन्सर असेल तर लॉगमधला आयपी बॅलन्सरचाच असतो. एक्स-फॉरवर्डेड-फॉर हा रकाना आधीपासून घेत नसाल तर खरा पत्ता बॅलन्सरच्या लॉगमधूनच काढावा लागेल.

शोधाची तारीख १८ जुलैपासून सुरू करू नका. मायक्रोसॉफ्टने पुढे जाहीर केलं की प्रयत्न ७ जुलैपासूनच चालू होते. म्हणजे मासिक पॅच यायच्याही आधी.

फाइल शोधताना लेआउट्स फोल्डरात नावाऐवजी तारखेने बघा. स्पिनस्टॉल, स्पिनस्टॉल१, स्पिनस्टॉल२ अशी भावंडं सापडली आहेत. वेब कॉन्फिगमधला मजकूर उतरवून ठेवलेली डीबग_डेव्ह.जेएस ही फाइलही सापडली आहे. उद्या नाव आणखी काही असेल. पॅचच्या दिवशी हजारो फाइलींची तारीख बदलते, म्हणून ही यादी पॅच मारण्याआधीच काढून ठेवा, नंतर गवतात सुई शोधत बसाल. २०१६पासून पुढे सगळ्या आवृत्त्यांमध्ये हा फोल्डर ‘वेब सर्व्हर एक्स्टेन्शन्स’खाली १६ या फोल्डरात असतो. पत्त्यात १५ दिसतं म्हणून फक्त १५ फोल्डर बघून ‘काही नाही’ असं कळवू नका.

प्रोसेसच्या नोंदी ठेवत असाल तर डब्ल्यू३डब्ल्यूपीच्या पोटातून सीएमडी किंवा पॉवरशेल निघालेली प्रत्येक नोंद बघा. शेअरपॉइंटच्या रोजच्या कामात असं होण्याचं कारण जवळपास नसतं.

आणि अ‍ॅप्लिकेशन लॉगमधला इव्हेंट १३१६. व्ह्यूस्टेट तपासताना गडबड झाली की एएसपी डॉट नेट तो लिहितं. चोरलेल्या कीने बनवलेला व्ह्यूस्टेट यशस्वी झाला तरी ऑब्जेक्ट उभे करताना अनेकदा पुढे एरर येते आणि नोंद राहून जाते. तिच्यात तो मजकूरही सापडू शकतो, म्हणून ही नोंद नुसती मोजू नका, उघडून वाचा.

पॅच: जिथे माणसं चुकतात

क्रमांक असे. सबस्क्रिप्शन एडिशनसाठी केबी५००२७६८, एकच फाइल. २०१९साठी केबी५००२७५४ आणि भाषेच्या भागाचा केबी५००२७५३. २०१६साठी केबी५००२७६० आणि केबी५००२७५९. २०१६ आणि २०१९ला दोन्ही फाइली लागतात, आणि ‘आम्ही फक्त इंग्रजी वापरतो’ हे दुसरी न लावण्याचं कारण होत नाही. पॅच एकत्रित असतात, त्यामुळे आज कुणी मागे पडलेला फार्म हातात घेत असेल तर त्याने ताजा मासिक पॅच लावावा, हे जुने शोधत बसू नये.

फार्ममधल्या प्रत्येक सर्व्हरवर पॅच लावायचा. सर्चचा सर्व्हर वापरकर्त्यांना दिसत नाही, म्हणून तो सुटतो. लावताना सर्च, टायमर सर्व्हिस (शेअरपॉइंटची वेळेवरची कामं चालवणारी सेवा) आणि आयआयएस थांबवले तर तासाभराचं काम बरंच लवकर उरकतं. चालू ठेवले तर इन्स्टॉलर प्रत्येकाशी झगडत बसतो. पुरावा घेऊन झालेला असेल तरच थांबवा, हे वर आलंच आहे.

मग पीएसकॉन्फिग, म्हणजे त्याच कॉन्फिगरेशन विझार्डचं आज्ञारूप, फार्म अ‍ॅडमिनच्या खात्याने, एकावेळी एका सर्व्हरवर. तो मध्येच अडला की स्क्रीनवरचा संदेश सोडून द्या. लॉग्ज फोल्डरात अपग्रेडची तारीखवार फाइल असते आणि तिची एरर नावाची जोडफाइलही असते. खरं कारण तिथे मिळतं. बहुतेक वेळा एखाद्या सर्व्हरवर पॅचचा एक भाग राहिलेला असतो. पूर्वी काढून टाकलेल्या सोल्यूशनचं (शेअरपॉइंटवर बसवलेल्या जोड-कोडचं) फीचर डेटाबेसमध्ये लटकलेलं सापडलं तर बहुधा ती फक्त चेतावणी असते, पण वाचून खात्री करा.

पॅच लागला का हे गेट-एसपीफार्मने दाखवलेल्या बिल्ड क्रमांकावरून ठरवू नका. तो कॉन्फिगरेशन डेटाबेसची आवृत्ती सांगतो, प्रत्येक सर्व्हरवरच्या फाइलींची नाही. सेंट्रल अ‍ॅडमिनमधलं पॅच इन्स्टॉलेशन स्टेटसचं पान उघडा आणि सर्व्हरनिहाय बघा. दुरुस्त आवृत्त्या होत्या सबस्क्रिप्शनसाठी १६.०.१८५२६.२०५०८, २०१९साठी १६.०.१०४१७.२००३७ आणि २०१६साठी १६.०.५५१३.१००१. याच्या खालचं काहीही उघडं आहे.

चाव्या

आता मुख्य काम. शेअरपॉइंट मॅनेजमेंट शेलमध्ये सेट-एसपीमशीनकी ही आज्ञा वेब अ‍ॅप्लिकेशनसाठी नवी की तयार करते आणि अपडेट-एसपीमशीनकी ती फार्मभर पसरवते. आज्ञा नको असेल तर सेंट्रल अ‍ॅडमिनमध्ये मॉनिटरिंगखाली जॉब डेफिनिशन्सच्या यादीत मशीन की रोटेशन जॉब शोधा आणि ‘रन नाऊ’ करा. त्यानंतर प्रत्येक सर्व्हरवर आयआयएसरीसेट. जुनी की चालू वर्कर प्रोसेसच्या मेमरीत असते, रीसेट केल्याशिवाय ती जात नाही.

इथे तीन ठिकाणी घात होतो. पहिलं ठिकाण सेंट्रल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचं. तेही एक वेब अ‍ॅप्लिकेशनच आहे, पण गेट-एसपीवेबअ‍ॅप्लिकेशन ही आज्ञा ते आपणहून यादीत देत नाही, इन्क्लूडसेंट्रलअ‍ॅडमिनिस्ट्रेशन हा पर्याय मुद्दाम लावावा लागतो. लूप लिहून ‘सगळ्या की बदलल्या’ म्हणणाऱ्याच्या यादीतून सर्वात ताकदवान साइटच निसटते.

दुसरं ठिकाण टायमर सर्व्हिसचं. की पसरवण्याचं काम तिच्यामार्फत होतं, त्यामुळे एखाद्या सर्व्हरवर ती अडकलेली असली तर तिथे जुनीच की राहते. याची खूण वापरकर्त्यांच्या तक्रारींत दिसते: कधी फॉर्म जातो, कधी ‘व्ह्यूस्टेट मॅक’ची एरर येते, रिफ्रेश केलं की पुन्हा जातो. लोड बॅलन्सर दोन वेगवेगळ्या की असलेल्या सर्व्हरांमध्ये फिरवतोय, इतकाच त्याचा अर्थ. प्रत्येक सर्व्हरवर वेब अ‍ॅप्लिकेशनची वेब कॉन्फिग उघडून मशीनकीची ओळ एकमेकींशी ताडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. की मात्र ईमेलने किंवा चॅटवर पाठवून ताडू नका.

तिसरं ठिकाण वेब कॉन्फिग हाताने बदलण्याचं. आयआयएस मॅनेजरमध्ये ‘जनरेट कीज’ दाबून एका सर्व्हरवर की बदलता येते, पण पुढचा टायमर जॉब आला की फार्ममधली नोंदलेली की तिच्यावर परत लिहिली जाऊ शकते. शेअरपॉइंटची की शेअरपॉइंटकडूनच बदलून घ्या.

आधी पॅच की आधी चावी? सिसाचा सल्ला दोनदा बदलायचा आहे: एकदा लगेच, मग पॅच, मग पुन्हा एकदा. सर्व्हर नेटवरून पूर्ण तोडलेला असेल तर मला पहिला फेरा ऐच्छिक वाटतो. पण तो चालूच ठेवावा लागत असेल तर दोन्ही फेरे करा, कारण पहिल्या बदलानंतर आणि पॅच लागण्याआधीच्या काळात नवी कीही चोरीला जाऊ शकते. लॉगमध्ये काहीच सापडलं नाही तरी की बदला. लॉग किती दिवसांचे होते आणि कोणत्या सर्व्हरचे होते, याची खात्री असणारे फार थोडे असतात.

बदलानंतर पहिल्या दिवशी १३१६च्या नोंदी वाढतील. आदल्या दिवशीपासून उघडं ठेवलेलं पान आज सबमिट करणारे प्रत्येक कार्यालयात असतात. त्यांची गर्दी एक-दोन दिवसांत ओसरते. त्यानंतरही बाहेरच्या आयपीवरून, लॉगिन नसलेल्या विनंत्यांवर ही नोंद येत राहिली, तर समजा की कुणीतरी जुनी किल्ली घालून बघतोय. मग ती आधी कधी चालली होती का, हे शोधायला मागे जावं लागतं.

खूण सापडली तर

मग पॅच आणि की यांनी भागणार नाही. मायक्रोसॉफ्टने लिनन टायफून, व्हायोलेट टायफून आणि स्टॉर्म-२६०३ या चीनमधल्या तीन गटांची नावं घेतली. त्यातल्या स्टॉर्म-२६०३ने १८ जुलैपासून वॉरलॉक रॅन्समवेअर पसरवलं. त्यांची चाल नोंदवलेली आहे: डिफेंडर बंद करणं, शेड्यूल्ड टास्क लावणं, आयआयएसमध्ये संशयास्पद डॉट नेट असेंब्ली घुसवणं, मिमिकॅट्झ या साधनाने विंडोजचं लॉगिन सांभाळणाऱ्या एलसॅस या प्रोसेसमधून पासवर्ड काढणं, पीएसएक्सेक आणि इम्पॅकेट या साधनांनी दुसऱ्या मशीनवर जाणं आणि शेवटी ग्रुप पॉलिसी बदलून रॅन्समवेअर सगळीकडे पोचवणं. शेअरपॉइंट हा फक्त उंबरठा होता.

म्हणून शेअरपॉइंटची सगळी सर्व्हिस खाती, अ‍ॅप पूलची, फार्मची, सर्चची, यांचे पासवर्ड बदला. सिक्युअर स्टोअरमध्ये ठेवलेले पासवर्ड, वेब कॉन्फिगमधल्या कनेक्शन स्ट्रिंग, मेल पाठवण्याचं खातं, सगळं गेलं असं धरा. फार्मचं खातं कुणी सोयीसाठी डोमेन अ‍ॅडमिन करून ठेवलं असेल, तर प्रकरण अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचं झालं आणि तपासाची कक्षा तेवढी वाढली. ग्रुप पॉलिसी कधी बदलल्या ते बघा. आयआयएसच्या मॉड्यूलची यादी त्याच आवृत्तीच्या स्वच्छ सर्व्हरच्या यादीशी ताडा.

सर्व्हर साफ करून वापरणं मला पटत नाही. नवा फार्म उभा करा, पूर्ण पॅच करा, कंटेंट डेटाबेस त्याला जोडा. कस्टम सोल्यूशनच्या डब्ल्यूएसपी फाइली स्वतःच्या सोर्समधून बनवा, जुन्या सर्व्हरवरून उचलू नका. सोर्स हरवलेला असतो हा नेहमीचा अनुभव आहे. तसं असेल तर ते सोल्यूशन नव्या फार्मवर आणायचंच का, हे संबंधित खात्याला लेखी विचारा. अर्धी सोल्यूशन्स त्या एका प्रश्नावर गळून पडतात.

भारतातल्या संस्थेसाठी एक घड्याळ आणखी चालू असतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. ६ तासांत सगळं कळलेलं नसतं, तशी अपेक्षाही नाही. जे ठाऊक आहे ते कळवा आणि भर नंतर घाला. ही नोंद कोण करणार, हे मात्र आधी ठरवून ठेवा. रात्री साडेअकराला कायदा विभागाचा फोन लागत नाही. दुसऱ्याचा फार्म सांभाळत असाल तर आधी करार उघडा: क्लायंटला कळवण्याची मुदत बहुतेक वेळा त्यात लिहिलेली असते, आणि ती ६ तासांपेक्षा कमीही असू शकते.

२०१६ आणि २०१९ या दोन्हींच्या सपोर्टची शेवटची तारीख १४ जुलै २०२६. त्यानंतर अशी त्रुटी निघाली तर या दोन आवृत्त्यांची गत २०१३सारखी. हलवण्याचं काम सुरू करणाऱ्यांनी डेटाबेसच्या आकाराआधी कस्टम सोल्यूशनची यादी काढावी, खरा वेळ तीच खाते.